खिचडीतले पाच ग्रॅम तेल

बडनेऱ्याच्या बाजारातून अंबाडीची जुडी आणली, निवडली, शिजवली, की आई वरून लसणाची फोडणी ओतते. लगेच घरातले कोणीतरी हटकते, "एवढे तेल कशाला?" आजकाल आरोग्यावरची भाषणे ऐकून तेलाचे नाव काढताच काहींना धडकी भरते. म्हणून आज मी तेलाची बाजू मांडणार आहे.

अंबाडीच्या हिरव्या पानांत कॅरोटीन नावाचे पिवळे रंगद्रव्य दडलेले असते. त्यापासून आपले शरीर जीवनसत्त्व 'अ' बनवते. ते फार कमी पडले तर दिवेलागणीनंतर दिसेनासे होते. रातांधळेपणा तो हाच. पण कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही. जेवणात स्निग्ध पदार्थ असला, की पित्तरसाच्या साह्याने त्याचे अतिसूक्ष्म कण बनतात आणि त्यांत बसून कॅरोटीन लहान आतड्याच्या भिंतीशी पोहोचते. तेल नसेल तर त्यातले बरेचसे आले तसे निघून जाते. भाजी पोटभर खाल्ली, पदरात मात्र थोडेच पडले!

या जीवनसत्त्वाचा शोधही स्निग्ध पदार्थांतच लागला. 1913 साली अमेरिकेत मॅककॉलम आणि डेव्हिस यांना असे दिसले, की डुकराची चरबी किंवा ऑलिव्ह तेल यांवर ठेवलेल्या उंदरांची वाढ थांबते. लोण्यातला किंवा अंड्याच्या बलकातला स्निग्धांश दिला की ती पुन्हा सुरू होते.

आतड्याच्या पेशीत कॅरोटीनचा रेणू दुभंगतो. तयार झालेले जीवनसत्त्व पामिटिक आम्लासारख्या मेदाम्लाशी जोडले जाऊन शेवटी यकृतात साठते. नवलाची गोष्ट तर पुढेच आहे. जीवनसत्त्व 'अ'पासून बनणारे रेटिनॉइक आम्ल पेशीकेंद्रातील ग्राही प्रथिनाला चिकटून जनुकांचे काम चालू-बंद करते, हे 1987 साली उघड झाले. त्याच कुळातले आरएक्सआर नावाचे प्रथिन मेदाम्ले ओळखणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाशी जोडी जमवते, आणि चरबी जाळायची की साठवायची या कामाची जनुके ती जोडी हाताळते. म्हणजे हा संबंध नुसता वाहन आणि प्रवासी एवढाच नाही.

आता तुमच्या शाळेकडे वळू. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गाच्या मुलामागे रोज 50 ग्रॅम भाजी व 5 ग्रॅम तेल, आणि उच्च प्राथमिकसाठी 75 ग्रॅम भाजी व 7.5 ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. मुलांमधला लठ्ठपणा वाढतो म्हणून 2025 साली केंद्राच्या शिक्षण खात्याने हे तेल 10 टक्क्यांनी कमी करण्यास सुचवले. 5 ग्रॅमचे 10 टक्के म्हणजे अर्धा ग्रॅम. एवढ्याने आभाळ कोसळणार नाही हे मान्य. पण लठ्ठपणा येतो तो सामोसे, वेफर आणि बसून राहण्याने, खिचडीने नव्हे. मेळघाटातल्या मुलाला आणि शहरातल्या गुबगुबीत मुलाला एकच माप लावणे मला पटत नाही.

याचा अर्थ तेल हवे तेवढे ओता, असा कृपया करू नका. जीवनसत्त्वाच्या गोळ्याही मनाने घेऊ नका. जास्तीचे 'अ' यकृताला बाधते.

तुमच्या शाळेत पहिली ते पाचवीची 120 मुले जेवत असतील, तर दिवसाला 600 ग्रॅम तेल हवे. गुरुजींची परवानगी घेऊन एकदा मोजून पाहा. त्या दिवशी खिचडीत कोणती भाजी पडली तेही लिहून ठेवा.