बंदुकीचा गज कसा निवडाल?



फवारणी पंपाचे नोझल तुंबले तर त्यात तार खुपसू नका, असे मी इतकी वर्षे बांधाबांधावर सांगत आलो आहे. तारेने कचरा निघतो खरा, पण भोक मोठे होते, फवारा बिघडतो आणि औषध वाया जाते. आज तोच नियम दुसऱ्या एका नळीसाठी सांगायचा आहे. ती नळी परवान्याच्या बंदुकीची.

शेतीच्या पानात बंदूक कशाला, असे कोणी म्हणेल. पण यावल, रावेर, चोपडा, शिरपूर भागात सातपुड्याच्या पायथ्याला मक्याच्या कणसात दाणा भरू लागला की रानडुकरे उतरतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. कुणाकडे बारा बोअरची बंदूक असते, क्वचित एखाद्या घरी रिव्हॉल्व्हर. निवडणुकीच्या वेळी यांतली बरीच हत्यारे पोलीस ठाण्यात जमा होतात आणि परत येतात ती नळीत गंज घेऊन. मग सफाईची घाई होते.

अशाच एका घाईची गोष्ट सांगतो. पायथ्याच्या एका गावी ओळखीचे आप्पा बारा बोअर घेऊन राखणीला निघाले होते. मी सहज म्हटले, "आप्पा, नळी पाहिली का?" ते म्हणाले, "साहेब, सकाळीच साफ केली, सळईला धोतराचा फडका गुंडाळून." बंदूक मोडून, दोन्ही घरांत काडतूस नाही याची खात्री करून कंदिलाच्या उजेडात पाहिले. डाव्या नळीतून उजेड आरपार आला. उजव्या नळीत अंधार. फडका सळईवरून सुटून आतच राहिला होता. त्या रात्री बार काढला असता तर नळी फाटून आप्पांचा डावा हात गेला असता. फडका लाकडी गजाने मागून ढकलून काढला. सळईने आत ओरखडे पाडले होते, ते मात्र राहिलेच.

म्हणून गज घेताना तीन गोष्टी पाहा.

पहिली, गज नळीपेक्षा मऊ हवा. लाकडी किंवा पितळी गज चांगला. अॅल्युमिनियम स्वस्त व हलके असते, पण त्यात वाळूचे कण रुतून बसतात आणि मग ते कानशीसारखे घासते. गज कोणताही असो, प्रत्येक फेरीनंतर पुसून घ्या. तीन तुकडे जोडायचा गज असेल तर सांध्यावर बोट फिरवा. कड लागली तर तो घेऊ नका.

दुसरी, माप. बारा बोअरची नळी आतून सुमारे साडेअठरा मिलिमीटर असते. तिला बारा नंबरचाच ब्रश घ्या. लहान ब्रश मळ काढत नाही, मोठा अडकतो. गज नळीहून वीतभर लांब असावा, म्हणजे मूठ बाहेर राहते. चिंधी हलका जोर देऊन सरकेल एवढीच घ्या. ठोकून घालावी लागली तर ती मोठी आहे.

तिसरी, टोके. एक पितळी तारेचा ब्रश, एक चिंधी अडकवायचे खाचेचे टोक आणि तेल लावायला लोकरीचा बोळा, एवढे पुरे. गावातले निवृत्त फौजी दोरीचा 'पुलथ्रू' सुचवतील. तो प्रवासात सोयीचा, पण आपापल्या बोअरचाच हवा, दोरी स्वच्छ हवी आणि ती नळीच्या तोंडावर तिरकी घासता कामा नये.

बारा बोअरमध्ये गज काडतुसाच्या बाजूने घालावा. ब्रश तोंडातून पूर्ण बाहेर आल्यावरच मागे ओढावा. रिव्हॉल्व्हरची गोष्ट वेगळी. कानपूरला बनणाऱ्या .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरची नळी आतून जेमतेम आठ मिलिमीटर, त्यात पिळाचे आटे. गज तोंडाकडूनच घालावा लागतो, म्हणून तोंडाची कड जपायला पितळी टोपी लावा. मूठ धरली तरी गज आट्यांबरोबर आपोआप फिरेल, असा गज घ्या. चक्रीची सगळी घरे रिकामी करून, बोटाने चाचपून मगच हात लावा.

ठासणीच्या बंदुकीत गज मोजपट्टीचेही काम करतो. नळी रिकामी असल्याची खात्री असेल तेव्हा गज तळापर्यंत सोडा आणि तोंडाशी येईल तिथे त्यावर खूण करा. पुढे कधीही ती खूण तोंडाच्या वर राहिली तर आत काहीतरी आहे असे समजा. टोकरू नका, फुंकू नका, परवानाधारक कारागिराकडे न्या. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते. म्हणून बार काढला त्याच दिवशी गरम साबणपाण्याने नळी धुवा, कोरडी करा आणि तेल द्या.

तेल बंदुकीचे किंवा शिलाई मशीनचे. करडई-शेंगदाण्याचे नको, ते वाळून चिकट होते. रॉकेलने मळ निघतो, पण गंजापासून राखण होत नाही. बार काढण्यापूर्वी कोरडी चिंधी फिरवून तेल पुसून काढा. बंदूक कातडी गवसणीत महिनोन् महिने ठेवू नका, आणि खताच्या पोत्यांच्या खोलीत तर नकोच. खताचे क्षार ओल धरतात व लोखंड खातात. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवा. सफाईच्या जागी पोरेबाळे नसावीत.

दुरुस्ती गावच्या लोहाराकडे करू नका. कायद्याने ती परवानाधारकाकडेच व्हावी लागते. आणि परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, जनावर मारण्याचा नव्हे. त्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागते. पिकाचे नुकसान झाले तर वन खात्याला लगेच कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज द्या.

शेवटी एकच सांगणे. सफाई झाली की रिकामी, मोडलेली बंदूक उजेडाकडे धरा. नळीतून आरपार उजेड दिसला तरच सफाई पुरी झाली. आप्पा आता नळी पाहिल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. तुम्हीही तेच करा.