गळक्या छपराचा धनी कोण?

मृगाचा पाऊस पडू लागला की मुंबईतील गिरगावासारख्या भागांतील जुन्या चाळींतून दरसाल एकच वाद उसळतो: छप्पर गळते आहे, त्याची डागडुजी कोणी करावयाची? मालक म्हणतो, तुमच्या भाड्यात चार कौलेही येत नाहीत. भाडेकरू म्हणतो, घर तुमचे, तेव्हा खर्चही तुमचाच. दोघांच्याही म्हणण्यात अर्धे सत्य आहे, आणि त्याच्या आडोशाला दोघे स्वस्थ बसले असता वरची तुळई कुजत असते.

कायद्याने या वादाचा निवाडा केव्हाच केला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याप्रमाणे घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य होय. नोटीस देऊनही त्याने हयगय केली, तर भाडेकरूने दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाकाठी भाड्याच्या चौथाईहून अधिक नव्हे. तत्त्व निर्दोष आहे. हिशेब मात्र पाहावा. १९४७ च्या कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली, आणि पुढे नव्या कायद्याने वर्षास शेकडा ४ वाढ दिली. मासिक भाडे १०० रुपये धरले, तर वर्षाची चौथाई ३०० रुपये होते. एवढ्यात गवंड्याची एका दिवसाची मजुरीही भागत नाही!

मग मालक दोषमुक्त ठरतो काय? मुळीच नाही. खोलीचा हात बदलताना पागडीतील वाटा तो घेतो. त्यातील एक वीटही घरास का लागू नये? आणि जी खोली सोडताना लाखांची पागडी घ्यावयाची, तिच्या तुळईकरिता वर्गणी मागताच ‘आम्ही केवळ भाडेकरू’ असे म्हणणे भाडेकरूस तरी शोभते काय? १९६९ च्या कायद्याने आलेल्या दुरुस्ती मंडळाकडे बोट दाखवूनही कोणास सुटता येणार नाही.

आमचे मत असे : नळाची गळती, फुटकी काच, रंगसफेदी ही वापराची झीज भाडेकरूने सोसावी; पाया, भिंती, छप्पर मालकाने सांभाळावे. मात्र पागडीच्या प्रत्येक व्यवहारातून दोघांच्याही वाट्याचा ठराविक भाग त्याच इमारतीच्या दुरुस्तीसाठी वेगळा ठेवण्याची सक्ती असावी. लाभ दोघांचा, तर भारही दोघांचा. पडणारी भिंत भाडेपावती पाहून पडत नाही.