डांबर संपतं तिथे

भाड्यानं आणलेल्या त्या गाडीत दोन पलंग होते, फ्रिज होता, शेगडी होती आणि न्हाणीघरात टाकीभर का होईना, गरम पाणी होतं. असं चालतं घर घेऊन आम्ही चौघं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात चार दिवस कशासाठी हिंडत होतो, तर गरम पाण्याचे झरे शोधायला! तिकडची बरीच निवृत्त मंडळी अशा ‘आरव्ही’ घेऊन थंडीत वाळवंटाकडे निघतात. आपल्याकडचा निवृत्त माणूस सोसायटीचा सेक्रेटरी होतो.

गुडघे हिचे, कल्पना मुलाची आणि करारपत्र वाचायचं काम माझं. छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस बारीक टाइपातला मजकूर आधी वाचतो. गाडी डांबरी रस्ता सोडून न्यायची नाही, नेली आणि बिघडली तर खर्च तुमचा, असं एक कलम त्यात होतं. मी ते दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं.

पहिला मुक्काम टेकोपाला. लास वेगासहून दीड-दोन तासांवर, डांबर थेट दारापर्यंत. इथलं भूकवच ताणलं जाऊन पातळ झालंय, त्याला भेगा पडल्यात. पावसाचं नि बर्फाचं पाणी त्यातून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. टेकोपात ते हौदात घेतलंय. बायकांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा. तिकीट काढायचं, आधी स्वच्छ अंघोळ करायची आणि मग अंगावर काहीही न ठेवता उतरायचं. पोहण्याचा पोशाखसुद्धा चालत नाही! पाटी वाचून ही जी माघारी फिरली ती गाडीत जाऊन बसली. अर्ध्या तासानं सूनबाई तिला समजावून घेऊन गेली. त्यानंतर तासभर दोघींचा पत्ता नाही. बाहेर आली ती काठी काखेत मारून. “आत सगळ्या माझ्याच वयाच्या हो! कुणी कुणाकडे बघत नाही. आणि पायऱ्यांना कठडा आहे.” त्या कठड्याचं तिला फार कौतुक.

मोठ्या आरव्हीच्या मागे लोक छोटी जीप ओढत नेतात. शेजारच्या एका निवृत्त शाळामास्तरांकडे ती होती. दुसऱ्या दिवशी ते मला नि मुलाला नेवाडातलं ‘डेव्हिल्स होल’ दाखवायला घेऊन गेले. डोंगराच्या पायथ्याशी खडकात एक अरुंद फट, तळाशी निळं, कोमट पाणी. कुंपणाबाहेरून बघायचं. त्यात इंचभर लांबीचे निळे मासे राहतात आणि ही जात जगात दुसरीकडे कुठेही आपली आपण राहत नाही. १९७० च्या सुमारास शेजारच्या शेतीसाठी विहिरींतून उपसा वाढला, पाणी खाली गेलं आणि मासे ज्या उथळ खडकावर अंडी घालतात तो उघडा पडू लागला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७६ साली निकाल लागला तो माशांच्या बाजूनं. उपशाला मर्यादा आली. तरी २०१३ च्या एका मोजणीत मासे उरले होते ३५! २०१६ साली दारू प्यायलेले तिघे कुंपण ओलांडून आत शिरले, एक पाण्यात उतरला, एक मासा मेला. पुढे त्यांच्यातल्या एकाला तुरुंगात जावं लागलं.

परतताना मास्तरांनी सलाइन व्हॅलीचं वर्णन केलं. भर वाळवंटात ताडाची झाडं, हिरवळ, येणाऱ्यांनीच वर्षानुवर्षं बांधलेली, घासून ठेवलेली कुंडं. ‘तिंबिशा शोशोनी’ या मूळ लोकांचं त्या पाण्याशी नातं त्याहून कितीतरी जुनं. १९९४ पासून ही दरी डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात आहे. रस्ता मात्र चाळीसहून अधिक मैल कच्चा, टायर फाडणारा.

तिसऱ्या दिवशी आम्ही त्या फाट्यापर्यंत गेलो. डांबर संपलं. मुलानं गाडी थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून करारपत्र काढलं.

“एवढा श्रीमंत देश, चाळीस मैल डांबर टाकायला काय जातं?” मुलगा चिडला. “आईसारख्यांनी कधी बघायचंच नाही का?”

प्रश्न खरा आहे. तरीही माझं मत स्पष्ट आहे: टाकू नये. डांबर आलं की माझ्यासारखे शंभर येतील, मागोमाग टपरी, मग खोल्या, आणि खोल्यांना पाणी लागणार म्हणून विहीर. वाळवंटात पाण्याचा ताळेबंद फार तोकडा असतो. तिथे कोर्टापेक्षा खडबडीत रस्ता राखण बरी करतो. म्हाताऱ्यांसाठी एक टेकोपा असावं, कठड्यासकट, तिकिटासकट. बाकीचे झरे आहेत तिथे आणि आहेत तसे राहू द्यावेत. मी सलाइन व्हॅलीचं पाणी पाहिलेलं नाही, आता पाहणारही नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

हे सगळं मी गाडीतच बोलून दाखवलं. ही ऐकत होती.

“टेकोपाला कठडा नसता, तर हेच म्हणाला असतात?”

मला उत्तर देता आलं नाही. मुलानं गाडी वळवली. त्या रात्री तिनं टाकीतल्या गरम पाण्यानं पिशवी भरून गुडघे शेकले आणि डोंबिवलीला बहिणीला फोन लावला. वज्रेश्वरीच्या कुंडाला पायऱ्या किती, आणि धरायला काही आहे का, एवढंच तिला विचारायचं होतं.