विमानाचा टाइम आणि आपला टाइम

मुंबई ते लंडन किती लांब? साधारण ७,२०० किलोमीटर, विमानाने साडेनऊ-दहा तास. परदेशी एम.एस. करायचं स्वप्न बघणाऱ्या कुणालाही विचारा, झोपेतसुद्धा सांगेल! पण बीड ते मुंबई विमानतळ किती लांब? इथे कुणी किलोमीटरमध्ये बोलतच नाही. 'रात्री बसायचं, सकाळी उतरायचं', झालं उत्तर!

आता जरा नकाशा बघा. बीड आणि मुंबई, दोन्ही १९ अक्षांशाच्या आसपास. रेखांशातला फरक तीन अंशांहून थोडा कमी. या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे अंदाजे १०५ किलोमीटर. म्हणजे सरळ रेषेत अंतर भरतं फक्त ३०० किलोमीटर! रस्त्याने तेच चारशेच्या घरात जातं आणि आठ-नऊ तास खातं. थोडक्यात, लंडनच्या प्रवासातले पहिले ४०० आणि नंतरचे ७,२०० किलोमीटर यांना जवळपास सारखाच वेळ लागतो! त्यात तीन तास आधी पोहोचायचं ते वेगळंच.

वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीमचा जोराचा वारा वाहतो. त्यामुळे लंडनला जाताना परत येण्यापेक्षा तासभर जास्त लागतो. हा हिशेब विमानाच्या टाइमटेबलमध्ये आधीच धरलेला असतो. आपल्या रस्त्यांचा हिशेब कोण धरणार?

मग 'बीडला विमानतळ झालाच पाहिजे' अशी मागणी निघते आणि टाळ्या पडतात. मला मात्र ती पटत नाही. संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ सव्वाशे-एक किलोमीटरवर आहेच. तिथून मुंबई जेमतेम तासाभराची. पण ते तिकीट आपल्यापैकी किती जणांना परवडतं? आणि आपल्या जिल्ह्यात लांबचा प्रवास कुणाच्या नशिबी आहे? दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून साखर कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या. त्यांना धावपट्टीचा काय उपयोग?

अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग मंजूर झाला १९९५ साली. बीड स्टेशनातून अहिल्यानगरची पहिली गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ ला. तब्बल तीस वर्षं! आमच्या बॅचमधला एकही जण तेव्हा जन्मला नव्हता. आता कुठे रूळ आलेत, तर मागणी रुळांवरच्या गाड्यांची करूया. पुण्या-मुंबईला थेट जाणाऱ्या, भरपूर आणि वेळेवर धावणाऱ्या गाड्या! त्या विद्यार्थ्याच्याही कामाच्या, पेशंटच्याही आणि मजुराच्याही.

मित्रहो, उद्या आपणच इंजिनिअर म्हणून रस्ते, पूल, रेल्वे बांधणार आहोत. तेव्हा एवढं लक्षात ठेवा. विमानाचं अंतर विमानतळापासून मोजतात, माणसाचं मात्र घराच्या उंबरठ्यापासून मोजायला हवं. पटतंय का?