आवाज मोजा, आवड मोजू नका!

मिरवणुकीच्या बैठकीत यंदाही तेच. म्हणे, 'डीजेवाल्या पोरांची आवडच हलकी. त्यांना चांगली गाणी लावायला सांगा.' चांगली म्हणजे कुणाची हो? ज्याच्या घरी पहाटे रेडिओवर अभंग लागायचे, त्याचा कान तसा घडला. ज्याच्या वस्तीत १४ एप्रिलला भीमगीतं घुमायची, जत्रेत तमाशाची ढोलकी कडाडायची, त्याचा तसा. यात हलकं-भारी ठरवणारे आपण कोण?

वरून आवड लादायचा प्रयोग सरकारनंही करून बघितलाय. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती-प्रसारण मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली. लोक रागदारी ऐकत बसले का? छे! काटा फिरवला रेडिओ सिलोनवर. बिनाका गीतमाला घराघरांत पोचली. शेवटी १९५७ ला विविध भारती काढावीच लागली.

त्रास आवाजाचा आहे ना? मग आवाजावर बोला. २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आहेतच. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. मीटर आणा, डीजेसमोर धरा. आणि आपल्या लाडक्या ढोल-ताशा पथकासमोरही धरा. तो आकडा जाहीर करायची तयारी आहे का मंडळींची?