वेळ कोठें जातो?

आज्ञावली मंद चालूं लागली, कीं घरोघरचीं तरुण मंडळी प्रथम संगणकास दोष देतात व मग अंदाजानें दिसेल ती ओळ बदलूं लागतात. आम्हांस ही रीत मान्य नाहीं. डोनाल्ड क्नूथ यांनीं १९७१ सालीं फोर्ट्रान भाषेंतील आज्ञावल्या तपासून दाखविलें, कीं सामान्यतः ४ टक्क्यांहून कमी भाग निम्म्याहून अधिक वेळ खातो. तो भाग कोणता, हें तर्कानें क्वचितच उमगतें.

पायथन भाषेंत ‘लाइन प्रोफायलर’ नांवाचें साधन आहे. कोणती ओळ किती वेळां चालली, तिनें एकंदर किती वेळ घेतला व शेंकडा किती, हें तें खतावणीप्रमाणें मांडतें. ५ टक्के वेळ घेणारी ओळ समूळ गाळली, तरी ५ टक्क्यांपलीकडे लाभ नाहीं. तिच्यापायीं रात्री जागविणाऱ्यांचें आम्हांस नवल वाटतें! पुष्कळदां एखादें नांव लांबलचक यादींत आहे कीं नाहीं, एवढेंच विचारणारी गरीब दिसणारी ओळ चोर निघते. कारण दर खेपेस यादी पहिल्यापासून चाळावी लागते. यादीऐवजीं संच योजला, कीं तेंच काम बहुधा एका पावलांत होतें. मात्र मोजणारें साधन स्वतःही वेळ खातें. सबब दुरुस्तीनंतरचा खरा वेळ तें दूर करूनच पाहावा.