करार मोडला तो कंपनीनं

'वारस नसल्यानं झाशी संस्थान खालसा झालं.' शाळेत पाठ केलेलं हे वाक्य मला आता ऐकवत नाही. संस्थानं आपोआप खालसा होत नसतात. ईस्ट इंडिया कंपनीनं स्वतःच्या सहीशिक्क्याचा तह मोडून झाशी गिळली, असं लिहायला आपली लेखणी अजून कचरते, याची मला चीड येते.

नोव्हेंबर १८१७ मध्ये कंपनीनं रामचंद्रराव नेवाळकरांशी तह केला आणि झाशीचं राज्य त्यांच्याकडे व त्यांच्या वारसांकडे वंशपरंपरेनं राहील, हे मान्य केलं. २० नोव्हेंबर १८५३ रोजी झाशीचे राजे गंगाधरराव यांनी अंथरुणाला खिळलेले असताना पाच वर्षांच्या आनंदरावाला दत्तक घेतलं. चोरून नव्हे. शास्त्रोक्त विधी झाला, कंपनीचे अधिकारी मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन समक्ष हजर होते, राजानं एलिसच्या हाती खलिता दिला. मुलाचं नाव दामोदर ठेवलं. दुसऱ्याच दिवशी राजा गेला.

गव्हर्नर जनरल डलहौसीनं पळवाट काढली: झाशी आमच्या मेहेरबानीवरचं मांडलिक संस्थान, दत्तक मानायचा की नाही ते आम्ही ठरवू. १८३५ मध्येही दत्तक नाकारला होता, हा त्याचा दाखला. पण तेव्हा गादी घरातल्याच रघुनाथरावांना मिळाली होती. राज्य बुडवलं नव्हतं! शेजारच्या ओरछा-दतियात दत्तक चालले, हे राणी लक्ष्मीबाईनं लेखी दाखवून दिलं. उपयोग शून्य. मार्च १८५४ मध्ये झाशी कंपनीच्या ताब्यात गेली.

आणि लबाडी पाहा. गंगाधररावांच्या खासगी मालमत्तेचा वारस म्हणून हाच दामोदर कंपनीला चालला, फक्त गादीला चालला नाही. एकच मुलगा, एकच विधी, निकाल दोन! वर, त्याच्या मुंजीसाठी राणीनं त्याच्याच ठेवीतले एक लाख रुपये मागितले, तर तिच्याकडे जामीन मागितले.

मग उठाव झाला, आणि १८५८ च्या जाहीरनाम्यात व्हिक्टोरिया राणीनं संस्थानिकांशी झालेले तह पाळण्याची ग्वाही दिली. १८६२ मध्ये व्हाइसरॉय कॅनिंगनं दत्तकाच्या सनदा दिल्या. जो हक्क मागितला म्हणून झाशी धुळीला मिळवली, तोच हक्क आठ वर्षांत इतरांना दिला. दामोदररावांना राज्य कधीच मिळालं नाही. तह मोडणारा डलहौसी कायदेशीर आणि तो पाळा म्हणणारी लक्ष्मीबाई बंडखोर, ही गोऱ्या साहेबाची भाषा आपल्या पुस्तकांतून आता तरी हद्दपार करा.